सैल झालेलें सुकाणूं

जुनी मोटार बाळगणाऱ्या कुटुंबांत एक प्रसंग हटकून घडतो. एखादा मामा किंवा जांवई हौसेनें गाडी चालवावयास घेतो आणि पहिल्याच वळणावर दचकून म्हणतो, "अहो, हिचें चक्र इतकें फिरविलें तरी गाडी वळावयास तयार नाहीं!" मालकाला या बोलण्याचा राग येतो, त्याच्या मतें गाडी उत्तम चालते. पाहुणा खोटें बोलत नसतो आणि मालकहि नाहीं. सुकाणूंतील सैलपणा एका दिवसांत येत नाहीं. तो वर्षानुवर्षें केसाकेसानें वाढतो, आणि तो वाढत असतांना चालविणाराचे हात नकळत त्याची भरपाई करावयास शिकतात. चक्र सारखें थोडें डावीकडे, थोडें उजवीकडे हालवीत राहणें ही त्या हातांची संवय होऊन बसते. सपाट रस्त्यावर ही संवय पुरते. घाटाच्या उतारावर समोरून मालमोटार आली आणि हात क्षणभर गोंधळले, तर पुरत नाहीं.

या सैलपणाचें माप घरीं घेतां येतें. (येथें हातांत धरावयाच्या वर्तुळाला चक्र आणि रस्त्यावर फिरणाऱ्यांना चाकें म्हटलें आहे.) गाडी सपाट जागीं, चाकें सरळ ठेवून उभी करावी. चक्राच्या कडेवर खडूनें एक खूण करावी व तिच्या समोर काठीचें टोंक धरावें. मग चक्र हलक्या हातानें एका बाजूस नेत जावें. बाहेर उभ्या असलेल्या माणसानें पुढील चाक हालूं लागतांच थांब म्हणावें. तेथून उलट दिशेला चाक हालेपर्यंत चक्र किती फिरतें तें मोजावें. जुन्या गाडींत कडेवर एक इंचभर ढिलाई असली तर कोणी घाबरत नाहीं. दोन इंचांवर गेली कीं तपासणीची वेळ झाली. ती तीन इंच आहे असें धरून हिशेब केला तर काय दिसतें? चक्राचा व्यास १७ इंच असला तर त्याचा परीघ सुमारें ५३ इंच होतो. त्यांतील तीन इंच म्हणजे २० अंश. चक्र साधारण १२ ते १४ अंश फिरावें तेव्हां चाक १ अंश वळतें, असें येथें वर्णिलेल्या गाडीचें प्रमाण आहे. म्हणजे दीड अंशाची अनिश्चितता चाकांत राहिली. दीड अंशानें कललेली रेघ शंभर फूट ओढीत नेली तर ती मूळ रेघेपासून अडीच फुटांहून अधिक दूर जाते. गाडी तंतोतंत याच हिशेबानें भरकटते असें नव्हे. चालविणारा मध्येंच तिला सांवरतो. परंतु सांवरण्याचें काम त्याच्या गळ्यांत पडतें, आणि अरुंद रस्त्यावर अडीच फूट ही लहान गोष्ट नव्हे.

उदाहरणासाठीं जुन्या धाटणीची जीप घेणें सोयीचें आहे. एक तर तिचे सारे सांधे उघड्यावर असतात, वांकून पाहिलें कीं दिसतात. दुसरें, या गाडीशीं महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. अमेरिकेंतील विलिस-ओव्हरलँड व फोर्ड या कारखान्यांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सहा लाखांहून अधिक जीपा बनविल्या. युद्ध संपल्यावर मुंबईंत १९४५ सालीं स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नांवानें चाललेल्या कंपनीनें विलिसच्या जीपा येथें जुळविण्यास आरंभ केला. पुढें कित्येक दशकें त्याच कुळांतील गाड्या येथें तयार होत राहिल्या, आणि कोंकणांत व देशावर अजूनहि कांहीं घरांतून त्या हौसेनें जपलेल्या आढळतात. डावें-उजवें सुकाणूं व निरनिराळीं वर्षें यांप्रमाणें दांड्यांच्या मांडणींत फरक असतो, तत्त्व मात्र एकच.

हातापासून चाकापर्यंतचा मार्ग असा आहे. चक्राखालीं लांब दांडा. दांड्याच्या खालच्या टोंकाला मळसूत्रासारखी खोबण असलेला भाग, आणि त्या खोबणींत अडकलेल्या दोन निमुळत्या खुंट्या. हें सर्व ज्या लोखंडी पेटींत तेलांत बुडून असतें ती स्टिअरिंग बॉक्स. खुंट्या हालल्या कीं पेटीबाहेरचा हात, म्हणजे पिटमन आर्म, झुलतो. त्याला गोळ्याच्या सांध्यानें जोडलेली ड्रॅग लिंक पुढें जाते व गाडीच्या पुढील आडव्या तुळईवर बसविलेल्या बेल क्रँकला ढकलते. बेल क्रँक म्हणजे खुंटीवर फिरणारा कोपराच्या आकाराचा तुकडा. मागून आलेला धक्का तो आडवा करतो. त्याच्यापासून दोन टाय रॉड दोन चाकांकडे जातात, आणि चाकें किंग पिनांवर वळतात. इतक्या सांध्यांपैकीं प्रत्येकांत कागदाएवढी फट पडली तरी ती एकमेकींत मिळवली जाते आणि चक्रावर तीन इंच होऊन प्रकट होते.

येथेंच बहुतेक घोटाळा होतो. चक्र सैल लागतें म्हणून दोष चक्राजवळच्या पेटींत असावा असें मनाला वाटतें, आणि पेटीवर तर समायोजनाचा स्क्रू डोळ्यांसमोरच असतो. पाना घेतला, स्क्रू अर्धा फेरा आवळला, चक्र घट्ट झालें, मालक खूष. वस्तुतः दोष बेल क्रँकमध्यें होता तो तेथेंच राहिला, आणि निरोगी पेटी उगीच आवळली गेली. म्हणून जाणते मिस्त्री उलट दिशेनें, चाकाकडून चक्राकडे, तपासत येतात आणि पेटीला सर्वांत शेवटीं हात लावतात.

पहिल्या तपासणीला दोन माणसें लागतात, हत्यार एकहि लागत नाहीं. एकानें बसून चक्र ढिलाईच्या मर्यादेंतच झटक्याझटक्यानें डावें-उजवें हालवावें. दुसऱ्यानें पुढें वांकून एकेका सांध्यावर बोटें ठेवावींत, अशीं कीं एक बोट सांध्याच्या या बाजूस व दुसरें त्या बाजूस येईल. निकोप सांध्यांत दोन्ही बोटें एकदम हालतात. झिजलेल्या सांध्यांत एक बोट आधीं हालतें, मग खट् असा सूक्ष्म धक्का लागतो व दुसरें हालतें. डोळ्यांना न दिसणारी फट बोटांना लागते. हें काम चाकें जमिनीवर असतांना करावें. चाकें उचललीं कीं भार निघून जातो आणि फट लपते.

जीपमध्यें या परीक्षेत अनेकदां पहिला नापास होतो तो बेल क्रँक. त्याची जागाच वाईट आहे: पुढें, खालीं, चिखलाच्या मार्‍यांत. शिवाय तो कधींहि पुरता फेरा घेत नाहीं, थोडासा झुलतो इतकेंच. त्यामुळें त्यांतील सुईसारखे बारीक रोलर खुंटीच्या ठराविक जागींच दाबत राहतात व तेथें खळगे पाडतात. बेल क्रँकचें टोंक हातानें वरखालीं हालवून पाहिलें कीं हें कळतें. अशा वेळीं नुसतें ग्रीस भरल्यानें दोन-चार दिवस आवाज बंद होतो, फट जात नाहीं. खुंटी आणि बेअरिंग दोन्ही एकदम नवीं घालावीं लागतात. नव्या बेअरिंगला जुनी खळगे पडलेली खुंटी दिली तर ती त्याला लौकरच आपल्यासारखें करून सोडते.

ड्रॅग लिंकचे दोन्ही सांधे मात्र आवळतां येतात, आणि ही जुन्या गाडीची एक सोय आहे. नळीसारख्या दांडींत गोळा, त्याला दोहों बाजूंनीं वाट्या, मागें स्प्रिंग आणि टोंकाला आंट्यांची डाट. स्प्रिंगेचें काम खड्ड्याचा धक्का हातापर्यंत पोहोंचूं न देण्याचें. डाट पूर्ण आवळून टाकली तर स्प्रिंग दबून निकामी होते, गोळा जखडतो आणि एखादे दिवशीं मानेंत मोडतोहि. युद्धकालीन पुस्तिकेंतील नियम असा आहे: बेल क्रँककडील टोंकाची डाट गोळ्यावर घट्ट बसेपर्यंत आवळावी व अर्धा फेरा मागें घ्यावी, पिटमन आर्मकडील टोंकाची डाट तशीच आवळावी व पूर्ण एक फेरा मागें घ्यावी. मग नवी स्प्लिट पिन. जुनी पिन सरळ करून पुन्हां वापरण्याची काटकसर पुष्कळ ठिकाणीं दिसते; दोन वेळां वांकलेली तार तिसऱ्या वेळीं तुटते, आणि ज्या पिनेवर सगळ्या घरादाराचा प्रवास अवलंबून आहे तिच्यांत चार-दोन रुपये वांचविण्यांत कसली हुशारी? गोळा स्वतःच झिजून लंबगोल झाला असेल तर कितीहि आवळलें तरी तो एका बाजूस घट्ट व दुसऱ्या बाजूस सैल राहणार. तेव्हां तो भाग बदलणें हाच उपाय.

टाय रॉडच्या टोंकांचे सांधे बंद असतात. त्यांत आवळण्यासारखें कांहीं नसतें. सैल झाले कीं नवे घालावे. ते काढतांना नवशिका माणूस नट सोडून आंट्यांवरच हातोडा मारूं लागतो. आंटे बसतात, सांधा हालत नाहीं. निमुळती खुंटी ज्या भोंकांत रुतलेली असते त्या भागाच्या एका बाजूस जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूनें ठोका दिला, कीं भोंक क्षणभर ताणलें जातें व खुंटी आपण होऊन सुटते. टोंक काढण्यापूर्वीं तें नळींत किती फेरे आंत होतें हें मोजून ठेवावें. नवें तितकेच फेरे आंत घातलें म्हणजे चाकांची दिशा निदान जवळपास तरी राहते.

वेल्डिंगसंबंधीं येथेंच सांगणें बरें. झिजलेल्या गोळ्यावर वेल्डिंगचा थर चढवून कानशीनें गोल करून देणारे कारागीर आढळतात, आणि त्यांच्या हातचें काम दिसावयाला सुबकहि असतें. परंतु सुकाणूचे हात व गोळे घडीव पोलादाचे, विशिष्ट रीतीनें कठीण केलेले असतात. ज्वाळेनें तें पाणी उतरतें, थराच्या कडेला न दिसणारी भेग राहते आणि भाग झिजण्याऐवजीं तुटतो. झिजलेला भाग आधीं कुरकुर तरी करतो. तुटणारा भाग सूचना देत नाहीं. या धाटणीच्या गाडीचे सुटे भाग अजूनहि मिळतात, तेव्हां असा धोका पत्करण्याला गरिबीचें निमित्तहि फारसें उरत नाहीं.

आतां चाकें उचलावीं. नुसत्या जॅकवर विसंबूं नये. आंसाखालीं पक्का आधार द्यावा व मागील चाकांना उटी लावावी. पुढील चाक वर आणि खालीं धरून आंत-बाहेर हालवावें. हाललें तर दोष किंग पिनमध्यें आहे किंवा चाकाच्या बेअरिंगमध्यें, आणि हे दोन ओळखण्याची एक जुनी युक्ति आहे: दुसऱ्या माणसानें ब्रेक दाबून धरावा. ब्रेकनें चाक त्याच्या बैठकीशीं जखडलें जातें, म्हणून हालणें थांबलें तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. न थांबलें तर किंग पिनचा. जीपच्या पुढील आंसांतून चाकांना शक्तिहि जाते, त्यामुळें तिची किंग पिन एकसंध नसून वरची व खालची अशा दोन तुकड्यांची असते आणि निमुळत्या रोलरांच्या बेअरिंगवर फिरते. ढिलाई काढण्यासाठीं टोपणाखालचे पातळ पत्रे, ज्यांना मिस्त्री शिम म्हणतात, कमी करावे लागतात. किती कमी करावे हें अंदाजानें ठरवीत नाहींत. टाय रॉड सोडून, तेलाचें सील बाजूस ठेवून, वळण्याच्या हाताला स्प्रिंगचा कांटा अडकवून ओढतात. ४ ते ६ पौंड ओढीला हात वळूं लागला म्हणजे बरोबर. स्वयंपाकघरांतला कांटा या कामाला चालतो, गृहिणीची परवानगी असेल तर.

किंग पिनकडे दुर्लक्ष झालें म्हणजे जो प्रकार होतो तो एकदां अनुभवणाऱ्याला विसरतां येत नाहीं. ठराविक वेगाला एखादा खड्डा लागतो आणि पुढील दोन्ही चाकें भुतानें झपाटल्याप्रमाणें डावी-उजवी थरथरूं लागतात. चक्र हातांतून निसटूं पाहतें. जोरानें ब्रेक मारण्याची इच्छा होते, पण त्यानें पुढें भार येऊन थरथर आणखी वाढूं शकते. चक्र घट्ट पण न झगडतां धरावें, वेगाचा पाय उचलावा आणि गाडीला हळूहळू मंद होऊं द्यावें. एका वेगाखालीं आली कीं ती आपोआप शांत होते. दोन टायरांतील हवेचा फरक, समतोल बिघडलेलें चाक, कमानींचे सैल बोल्ट हींहि या थरथरीचीं कारणें आहेत. त्यांत सुकाणूंतील फट मिळाली म्हणजे थरथरीला खेळावयास मैदान मिळतें.

हें सर्व झाल्यावरहि चक्रांत ढिलाई उरली तरच पेटीकडे वळावें. ड्रॅग लिंक सोडून पेटी मोकळी करावी. तिच्यावर चाकांचा भार असतांना कांहींच कळत नाहीं. आधीं तेल पाहावें. पेटी गळते म्हणून तींत घट्ट ग्रीस भरण्याची चाल वाईट आहे. खुंट्या ग्रीसमधून एकदां वाट पाडून गेल्या कीं तें परत त्यांच्याजवळ येत नाहीं आणि धातु कोरडा घासत राहतो. दाट गिअर तेलच हवें, आणि गळती थांबवायची तर सील बदलावें. यानंतर चक्र वर ओढून व खालीं दाबून पाहावें. दांडा वरखालीं हालत असेल तर वरच्या टोपणाखालचे शिम कमी करून तें हालणें प्रथम काढलें पाहिजे. तें ठेवून बाजूचा स्क्रू आवळणें म्हणजे पाया खचलेल्या भिंतीला गिलावा करणें होय.

बाजूच्या स्क्रूचें मर्म समजण्यासाठीं पेटीची एक खुबी ध्यानांत घ्यावी लागते. गाडी बहुतेक वेळ सरळ जाते. म्हणून खोबणीचा मधला भागच सर्वांत जास्त झिजतो. हें ओळखून बनविणारांनीं खोबण मध्यभागीं मुद्दाम उथळ ठेवली आहे. त्यामुळें नव्या पेटींत चक्र मध्यावर आलें कीं किंचित् घट्ट लागतें आणि दोन्ही टोंकांकडे मोकळें होतें. आणि मध्यें झीज झाल्यावर स्क्रू आवळून ती भरून काढली तरी टोंकांना जागा शिल्लक राहते. यावरून कृति आपोआप निघते. चक्र एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत नेऊन फेरे मोजावे, त्याच्या निम्मे मागें येऊन मध्य गांठावा, आणि त्या जागींच स्क्रू हलकेच आवळावा. मध्यावरून जातांना हाताला अगदी पुसट अडखळ लागली कीं थांबावें, स्क्रू धरून ठेवून वरचा नट घट्ट करावा. चक्र वळवून ठेवलेल्या स्थितींत जो स्क्रू आवळील त्याची पेटी मध्यावर जखडेल. आणि मध्यावर ढिलाई जाते पण टोंकांना चक्र अडतें असें झालें, तर झीज खोबणीच्या राखीव उथळपणाच्याहि पलीकडे गेली आहे. तेथें खोबणीचा दांडा व खुंट्यांचा हात दोन्ही बदलावे लागतात. हें काम घरच्या अंगणांतलें नव्हे.

आवळण्याचा मोह इतका निक्षून टाळावयास सांगण्याचें कारण हें आहे कीं अतिघट्ट सुकाणूं सैल सुकाणूइतकेंच, किंबहुना अधिक घातकी आहे. रुग्णालयांतील ढकलगाडीचें लहान चाक जसें ओढल्या दिशेला आपण होऊन सरळ होतें, तसेंच मोटारीचें पुढील चाक वळण संपल्यावर आपण होऊन सरळ व्हावें, या हेतूनें किंग पिना कललेल्या असतात; जीपमध्यें मागच्या बाजूस हा कल ३ अंशांचा आहे. वळणाबाहेर येतांना हात सैल सोडले तरी चक्र परत फिरतें तें यामुळें. पेटी किंवा किंग पिन जास्त आवळली कीं हें परतणें बंद पडतें. बोरघाटांत एकामागून एक उलटसुलट वळणें येतात. तेथें गाडी मागच्या वळणांतून सरळच झाली नाहीं तर पुढच्या वळणाला ती कठड्याकडे तोंड करून पोहोंचते. सैलपणाची संवय हातांना हळूहळू होते. घट्टपणा दुरुस्तीच्या दिवशींच एकदम येतो आणि हातांना त्याची कांहींच ओळख नसते.

सांधे बदलले कीं पुढील चाकांची दिशा पुन्हां जमविणें ओघानेंच आलें. दोन्ही चाकें पुढच्या बाजूस एकमेकांकडे किंचित् झुकलेलीं असावीं लागतात. जीपसाठीं हा झुकाव ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे एक-दोन मिलिमीटरच्या आसपास आहे. चाक उचलून फिरवीत टायरच्या मध्यावर खडूची बारीक रेघ काढून, गाडी खालीं ठेवून, आंसाच्या उंचीवर पुढचें व मागचें अंतर मोजलें तर घरीं काम भागतें. ज्याच्याजवळ अलाइनमेंटचें यंत्र असेल त्याच्याकडे जावें हें अर्थात् उत्तम. मात्र झिजलेल्या सांध्यांवर अलाइनमेंट करून घेणें हा पैशांचा अपव्यय आहे. जी गाडी उभी असतांना एक माप दाखविते व चालतांना दुसरें, तिचें माप घेऊन काय करावयाचें?

इतर जुन्या गाड्यांत तपशील बदलतो. १९५०च्या दशकापासून २०१४ पर्यंत उत्तरपाडा येथें बनलेल्या अँबॅसॅडरमध्यें दांत्यांची सरळ पट्टी व तिच्यावर फिरणारें छोटें दंतचक्र असे; तेथें पिटमन आर्म नाहीं आणि बेल क्रँकहि नाहीं, पण दांड्यांच्या टोंकांचे सांधे आहेत व ते झिजतात. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींतून २०२३च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. ती ज्यांनीं घरीं ठेवून घेतली आहे त्यांनाहि बोटांची परीक्षा आणि चाकाकडून चक्राकडे येण्याचा क्रम तसाच उपयोगी पडेल.

दुरुस्तीनंतर लगेच मुलांबाळांना घेऊन महाबळेश्वराला निघूं नये. पहाटे रिकाम्या रस्त्यावर मंद वेगानें एक फेरी करावी. वळण घेऊन हात सैल सोडावे आणि चक्र स्वतः परततें कीं नाहीं पाहावें. मग वेग थोडा वाढवून पाहावा. परत आल्यावर खालीं वांकून एकूणएक नट व पिन पुन्हां तपासावी, आणि शंभर-दीडशे मैल चालल्यानंतर आणखी एकदां. नवे सांधे या काळांत बसते होतात, एखादा नट पाव फेरा घेतोहि.